चिकटवलेले जोड किनाऱ्यावर किती टिकतात : भाट्ये आणि लांजा इथल्या उघड्या रॅकच्या नोंदी

१२ जानेवारी २०२४

एपॉक्सी गमाच्या माहितीपत्रकात जोडाचा जो जोर छापलेला असतो तो साधारण २३ अंश तापमानात, कोरड्या खोलीत, जोड ताजा असताना मोजलेला असतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागणाऱ्या फायबर होडीवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, जूनपासून चार महिने सगळं ओलंचिंब, आणि उरलेलं वर्षभर खारा वारा. म्हणून प्रश्न असा ठेवलाय: दोन पावसाळे काढल्यावर जोडात किती जोर उरतो, आणि तो सुटतो तेव्हा नेमका कुठून सुटतो. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.

पद्धत एएसटीएम डी १८२८ च्या धर्तीवर: जोड उघड्या हवेत ठेवायचे, ठरावीक मुदतीने काही काढून तोडायचे. एक रॅक भाट्याला, किनाऱ्याला लागून, मध्ये माड किंवा सुरूची आडोशाची रांग नाही अशा जागी. दुसरा लांज्याला, आत सह्याद्रीकडे. तिथे पाऊस भरपूर, मीठ मात्र फार कमी. तिसरा संच घरात, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात, तुलनेसाठी. रॅक दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशात. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून भाट्याला एक उभा रॅक पश्चिमेकडे तोंड करूनही लावला.

रॅकची चौकट सागाच्या पट्ट्यांची. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) अँगल वापरला नाही, कारण नमुन्याचं ॲल्युमिनियम दुसऱ्या धातूला टेकलं की खाऱ्या ओलीत गॅल्व्हॅनिक गंज सुरू होतो आणि मग चाचणी जोडाची राहत नाही. प्रत्येक नमुना नायलॉनच्या बुशांवर. जीआयच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या खालच्या ओळीत; वरून ठिबकणारं गंजकं पाणी खालच्या नमुन्यावर पडू द्यायचं नाही. नमुन्यांचे क्रमांक पंचने ठोकले. मार्कर पेनची शाई एका पावसातही टिकत नाही.

१८ जानेवारी

पट्ट्या कापल्या. ५०५२ जातीचं ॲल्युमिनियम, १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १०० × २५ मिमी. ओव्हरलॅप १२.५ मिमी, म्हणजे चिकटलेलं क्षेत्र ३१२ चौ. मिमी. याच मापात जीआय पत्रा आणि ३ मिमी फायबर लॅमिनेट. पाचरीच्या चाचणीसाठी ३ मिमी ॲल्युमिनियमच्या १५० × २५ च्या पट्ट्या. आयएस ७१० चा मरीन प्लाय आणि साग यांचा वेगळा संच.

शीअर मशिनवर कापलेल्या पट्टीची कड किंचित वळते आणि एका बाजूला बर, म्हणजे धारदार खरखरीत कड, राहते. तशीच चिकटवली तर कडेला गमाची जाडी वेगळी आणि मध्ये वेगळी होते. सगळ्या पट्ट्या सपाट काचेवर ठेवून, डोलते का पाहून, कानशीने बर काढली.

२३ जानेवारी

पृष्ठभागाची तयारी. सगळ्या प्रकल्पाचा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर.

गट अ: थिनरने पुसलं, बस. वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा एवढंच होतं.

गट ब: एसिटोनने पुसणं, १२० नंबर एमरी पेपरने आडवं-उभं घासणं, परत एसिटोन. क्रम उलटा करायचा नाही. आधी घासलं तर तेलाचा थर ओरखड्यांत दाबला जातो आणि नंतर कितीही पुसा, निघत नाही. फडकं एकाच दिशेने फिरवायचं, प्रत्येक फेरीला नवी घडी. कोऱ्या कापडात खळ असते, म्हणून ते आधी दोनदा धुऊन घेतलेलं.

गट क: ब प्रमाणे सगळं, वर सिलेनचा (धातू आणि गम यांच्यात रासायनिक गाठ मारणाऱ्या द्रव्याचा) हात. ग्लायसिडॉक्सी जातीचा सिलेन, एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १० मिली. पाण्यात आधी ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच ५ च्या आसपास आणायचा. सिलेन टाकल्यावर तेलाचे बारीक गोळे तरंगतात. तासभर ढवळलं की द्रावण नितळ होतं, तेव्हाच ते वापरायच्या लायकीचं. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, त्याचे रेणू एकमेकांतच जुळून बसतात आणि धातूला धरायला काही उरत नाही. विहिरीचं पाणी चालत नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरीत क्लोराइड असतंच. ब्रशने लावून पृष्ठभाग १० ते १५ मिनिटं ओला ठेवला, मग उभा करून निथळू दिला आणि ओव्हनमध्ये ८० अंशांच्या थोडं वर एक तास वाळवला.

ब आणि क दोन्ही गटांत घासून झाल्यावर पाण्याची परीक्षा. डिस्टिल्ड पाणी ओतलं की अखंड पातळ पडदा अर्धा मिनिट टिकला पाहिजे. कुठे पडदा फाटून थेंब जमले तर तिथे तेल आहे, पुन्हा पहिल्यापासून. गट अ च्या पट्ट्यांवर पाणी अळूच्या पानावर धावतं तसं धावलं. त्या तशाच ठेवल्या, तोच तर गट आहे.

फायबरला वेगळी काळजी. साच्यातून काढलेल्या भागावर मेणाचा अंश असतो. तो सॉल्व्हंटने आधी काढायचा आणि मगच ग्राइंडिंग, धागे दिसेपर्यंत. जीआयवर उलट: जस्ताचा थर पातळ, जोरात घासलं तर खालचं लोखंड उघडं पडतं. हिरव्या पॅडने हलका हात आणि लगेच प्राइमर.

२४ जानेवारी

चिकटवण्याचं काम. नेहमीच्या दोन भागांच्या एपॉक्सीचं प्रमाण आकारमानाने १:१, पण वजनाने १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर. रेझिन जड असतं. काट्यावर ५०-५० ग्रॅम घेतलं तर हार्डनर जास्त होतो, आणि तो न जुळलेला हार्डनर पुढे पाणी ओढतो. डब्याच्या तळाशी आणि कडेला चिकटलेलं खरवडून, दोन्ही एकजीव रंगाचे होईपर्यंत मिसळलं. मग ते दुसऱ्या भांड्यात काढून पुन्हा मिसळलं.

गमाची जाडी सारखी राहावी म्हणून ०.२० मिमीचा तंगूस. बाजारात मासेमारीसाठी मिळतो तोच, एसिटोनने पुसून, ओव्हरलॅपच्या दोन्ही टोकांना एकेक तुकडा. क्लॅम्प जास्त आवळला तर गम सगळा बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. तंगूस ते होऊ देत नाही. फाइलच्या काळ्या क्लिपांचा दाब पुरेसा आहे.

काम सकाळी अकरानंतरच. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. झटपट हिशोब: हवेचं तापमान घ्या, आर्द्रता १०० ला जितकी कमी असेल त्याचा पाचवा भाग त्यातून वजा करा. आज दुपारी २८ अंश आणि ६० टक्के, म्हणजे दवबिंदू २० च्या आसपास, निर्धास्त. पहाटे पत्र्यावर दव असतं, डोळ्याला दिसो वा न दिसो.

सात दिवस खोलीत पक्के होऊ द्यायचे.

१ फेब्रुवारी

प्रत्येक गटातले पाच-पाच जोड कॉलेजच्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनवर तोडले. तिन्ही गट जवळपास सारखे, १५ मेगापास्कलच्या आगेमागे. म्हणजे पावणेपाचशे किलोंचा ओढ. नुसत्या पुसलेल्या पट्ट्याही मागे नाहीत.

कारागिरांचा विश्वास इथेच बसतो. जोड केला, ओढून पाहिला, हलला नाही, काम झालं. कोरड्या जोडाची ताकद तयारीबद्दल फार थोडं सांगते.

१० फेब्रुवारी

सगळे नमुने रॅकवर. एक संच ओझ्याखाली: ८:१ च्या तरफेला १२ किलो वाळूची बादली, म्हणजे जोडावर ९६ किलो, सुमारे ३ मेगापास्कल. मूळ ताकदीचा पाचवा हिस्सा. बादलीला झाकण, नाहीतर पावसाचं पाणी वजन वाढवतं. तुटल्यावर तरफ खाली पडून शेजारचा नमुना तोडू नये म्हणून खाली लाकडी ठोकळा.

पाचरीचे नमुने: दोन पट्ट्या चिकटवलेल्या, एका टोकाला गम नाही. त्या टोकातून ३ मिमी जाडीची स्टेनलेसची पाचर ठोकायची. गमात चीर पडते आणि थांबते. तासाभराने भिंगाखाली चिरेचं टोक शोधून सुईने खूण केली. पाचर आतच राहते आणि चिरेच्या टोकावर ताण कायम ठेवते. यंत्र नाही, वीज नाही, तरी पृष्ठभागाची तयारी खरी की खोटी हे सांगायला याच्याइतकं चोख दुसरं काही नाही. खर्च फक्त पट्ट्यांचा.

३० एप्रिल

पाऊस नाही, पण जोडांत बदल आहे. दुपारी काळ्या रंगाच्या पत्र्याचं तापमान थर्मोकपलवर ६० च्या वर. खोलीच्या तापमानात पक्क्या झालेल्या एपॉक्सीचं काच-संक्रमण तापमान साधारण ५० ते ६० अंशांत असतं. त्याच्या वर गम कडक काचेसारखा न राहता वातड होतो. ओझ्याखालच्या जोडांवर सुरुवातीला ओव्हरलॅपच्या कडेवर दोन्ही पट्ट्यांना छेदणारी केसाएवढी बारीक रेघ ओढून ठेवली होती. काळ्या पट्ट्यांवर ती आता तुटलेली दिसते: वरचा अर्धा भाग खालच्यापासून किंचित सरकलाय. पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर रेघ अजून सरळ. ब्रॅकेटला पांढरा रंग देणं हा जोडाच्या टिकाऊपणाचाच भाग धरायला हवा.

बिनओझ्याच्या जोडांना हीच उष्णता उपकारक ठरते. उरलेली जुळणी पूर्ण होते आणि काच-संक्रमण तापमान वर सरकतं.

निओप्रीनच्या पिवळ्या गमाने प्लायवर चिकटवलेलं लॅमिनेट भाट्याला कडेने उचललं गेलं. तो गम ६०-७० अंशांत मऊ पडतो, आणि लॅमिनेट ताणलेलं असतंच.

२० जून

पाऊस दोन आठवडे सलग. पाचरीच्या नमुन्यांची नोंद: गट अ मध्ये चीर इतकी धावली की दोन नमुन्यांच्या पट्ट्या पूर्ण सुट्या झाल्या, पाचर खाली पडलेली. गट ब मध्ये चीर हळूहळू पुढे जातेय. गट क मध्ये भिंगाखाली जेमतेम दोन-तीन मिमी.

सुटलेल्या पट्ट्या उन्हात धरून पाहिल्या. एका पट्टीवर गमाचा अखंड थर, दुसरीवर स्वच्छ धातू, जणू कधी चिकटवलंच नव्हतं. गम जागचा हललेला नाही, तुटलेला नाही. धातूने त्याला सोडलंय.

कारण असं. एपॉक्सी आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांना वेगळं करायला कोरड्या हवेत प्रति चौरस मीटर २३२ मिलिज्यूल लागतात, असा हिशोब आहे. मध्ये पाणी आलं की तोच आकडा उणे १३७ होतो. उणे म्हणजे ते आपणहून वेगळे व्हायला राजी असतात, कारण ऑक्साइडला गमापेक्षा पाणी जास्त प्रिय आहे. पोलादाच्या ऑक्साइडचं अंतर आणखी मोठं. घासण्याने धरायला खाचा मिळतात, पण ही ओढ बदलत नाही. सिलेन मात्र ऑक्साइडशी आणि एपॉक्सीशी, दोन्हीकडे रासायनिक गाठ मारतो, म्हणून पाण्याला मध्ये शिरणं जड जातं. त्यात भर म्हणजे ओल्या ॲल्युमिनियमचं ऑक्साइड हायड्रॉक्साइड होऊन फुगतं आणि तो भुसभुशीत थर स्वतःच सोलून निघतो.

८ जुलै

पावसाळ्यात चिकटवलेला संच मुद्दाम केला, कारण होड्या दुरुस्तीला येतात त्या याच काळात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, झापांखाली झाकलेल्या. आज २७ अंश, ९२ टक्के. दवबिंदू २५ च्या वर. अंतर दीड अंश. पत्रा किंचित गार असला तरी त्यावर न दिसणारी ओल येते.

पक्क्या झालेल्या एपॉक्सीवर सकाळी मेणचट पांढुरका थर होता. हार्डनरमधला अमाइन हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून हे होतं. त्यावर दुसरा हात दिला तर तो सोलून निघणारच. हा थर पाण्यात विरघळतो, थिनरने नुसता पसरतो. कोमट पाणी आणि हिरवं पॅड, मग वाळवून घासणं.

उपाय साधा निघाला. ताडपत्रीच्या आत २०० वॉटचा पिवळा बल्ब, पत्रा ३५ अंशांपर्यंत तापवायचा, मग घासायचं, लगेच चिकटवायचं, बल्ब रात्रभर चालू. हॅलोजनचा झोत जवळ नको. गम वरून पक्का आणि आतून कच्चा राहतो.

२७ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या पाण्यात. पहिली मोठी काढणी. निम्मे नमुने ओल्या फडक्यात आणि पिशवीत गुंडाळून त्याच दिवशी तोडले, निम्मे सिलिका जेलवर वाळत ठेवले. हा फरक ठेवल्याशिवाय निकाल वाचता येत नाही: पाण्याने गम नुसता मऊ झाला असेल तर वाळल्यावर ताकद बरीचशी परत येते. धातूपासून सुटला असेल तर परत येत नाही.

गट क ओला असताना खाली, वाळल्यावर पुष्कळ वर. गट अ दोन्ही वेळा खालीच. तुटलेल्या पृष्ठभागावर कडेने दीड-दोन मिमीचा फिकट पट्टा आणि मध्ये गडद, न भिजलेला भाग. पाणी कडेने आत शिरतं. १२.५ मिमीच्या ओव्हरलॅपच्या मध्यापर्यंत पोहोचायला त्याला वर्षभराहून जास्त लागतं, आणि रुंदी दुप्पट केली तर वेळ चौपट. पण सगळ्यात जास्त ताण ओव्हरलॅपच्या टोकांवरच असतो, म्हणून एवढ्याशा पट्ट्यानेही जोर घटतो.

भाट्ये आणि लांजा यांत ॲल्युमिनियमच्या बिनओझ्याच्या जोडांत फारसा फरक नाही. गम सोडवण्याचं काम पाणी करतं, मिठाची त्याला गरज नाही. लांज्याचा पाऊस पुरेसा आहे. जीआयमध्ये मात्र भाट्याच्या पट्ट्यांवर कडेपासून आत पांढरी भुकटी शिरलीय आणि तिने गम उचलून धरलाय. तिथे मीठच मुख्य.

ओझ्याखालचा गट अ: सगळे पडले. बहुतेक रात्री किंवा पहाटे, झडीच्या दिवसांत.

१५ नोव्हेंबर

रॅकच्या खालच्या बाजूला मिठाचा खरखरीत थर. वरची बाजू पाऊस धुतो, खालची कोणी धुवत नाही. पश्चिमेकडच्या उभ्या रॅकवर वळचणीखालचे जीआय जोड उघड्यावरच्यांपेक्षा वाईट अवस्थेत. वळचणीखाली आहे म्हणून सुरक्षित, ही समजूत किनाऱ्यावर खोटी ठरते. ऑक्टोबर ते मे पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुणं हे सीलंटच्या आणखी एका हातापेक्षा जास्त कामाचं.

२२ फेब्रुवारी २०२५

लाकडाचा संच. आयएस ७१० चा प्लाय ७२ तास उकळण्याची परीक्षा देऊन आलेला असतो, आणि त्याच्या थरांमधला फिनॉलिक गम खरंच कुठे हललेला नाही. सुतार त्यावर सागाची पट्टी पांढऱ्या पीव्हीए गमाने लावतो तो जोड मात्र पहिल्याच पावसात सुटला. गम पाण्याने परत मऊ होतो, आणि लाकूड स्वतः फुगतं: ओलाव्याच्या मीटरवर सागाचे आकडे जानेवारीत १२-१३, ऑगस्टमध्ये १८ च्या वर. एपॉक्सीच्या सागजोडांत टिकले ते ताजं रंधून, एसिटोनने तेल काढून, वाळताच चिकटवलेले. आदल्या दिवशी रंधलेले सुटले. सागाचं तेल रात्रीतून पुन्हा वर येतं.

उन्हाबद्दल एक गोष्ट. अतिनील किरणं धातू किंवा लाकडाच्या आत जात नाहीत, त्यामुळे तिथे त्यांचं काम फक्त कडेच्या फिलेटला, म्हणजे जोडाबाहेर आलेल्या गमाच्या कडेला, भेगा पाडण्यापुरतं. जेलकोट (बाहेरचा रंगीत थर) नसलेल्या पातळ फायबरमधून आणि काचेतून मात्र ती थेट जोडाच्या रेषेवर पोहोचतात. काच बसवताना पॉलियुरेथेनखाली काळा प्राइमर असतो तो याचसाठी. तो वगळला तर गम चांगला राहतो आणि काच सुटते.

२८ मे

पाऊस यंदा २५ तारखेलाच देवगडपर्यंत पोहोचला. कडा सील करण्याचं काम १५ मेच्या आत संपवायचं, हे यापुढच्या वेळापत्रकात पक्कं. ओल्या कडेवर लावलेलं सील आतली ओल कोंडून ठेवतं.

६ सप्टेंबर

दुसऱ्या पावसाळ्याची काढणी. बिनओझ्याचा गट ब आता गट अ च्या जवळ आलाय. घासण्याने एक पावसाळा विकत मिळतो, दोन नाही. गट क अजूनही गमातूनच तुटतोय, दोन्ही पट्ट्यांवर गम. कडा सील केलेले गट अ चे नमुने उशिरा पडले, पण पडलेच.

ब्रॅकेटसाठी ठरलेली पद्धत: ओव्हरलॅप ४० मिमी, सिलेन किंवा सिलेनयुक्त प्राइमर, तंगूस ०.२० मिमी, फिलेट पुसून काढायचा नाही. सात दिवस पक्कं झाल्यावर ६० अंशांत दोन तास. सोलण्याचा ताण जिथे येतो त्या टोकाला एक ॲल्युमिनियमचं रिव्हेट, सीलंटमध्ये बुडवून. स्टेनलेसचं नको, त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम खातं. वरून पांढरा रंग. प्रत्येक कामासोबत त्याच दिवशी, त्याच गमाने, त्याच हातांनी केलेली एक पाचरीची पट्टी. ती बादलीभर पाण्यात ठेवायची आणि आठवड्याने चीर मोजायची. चीर धावली असेल तर होडी पाण्यात जाण्याआधी ब्रॅकेट काढून परत करायचं.

उरलेले गट क चे नमुने आणि ओझ्याखालची दोन तरफांची रांग भाट्यालाच ठेवली आहे. पुढची काढणी तिसऱ्या पावसाळ्यानंतर.